पांढरी बाजू बाहेर

मे महिन्यात अमरावतीत रात्री दहाच्या आधी फिल्म भरायला बसण्यात अर्थ नसतो. दिवसभर तापलेल्या भिंती तोवर थोड्या निवतात, हाताचा घाम कमी होतो. घामेजलेल्या बोटाचा ठसा फिल्मवर उमटला की तो कायमचा. शिवाय आमच्याकडचं ऊन कुठूनही आत शिरतं. दाराच्या फटीतून, कौलाच्या भेगेतून, पत्र्यातल्या खिळ्याच्या भोकातून. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. त्यामुळे खोलीत शिरल्याबरोबर जो अंधार गुडूप वाटतो, तो दहा मिनिटांनी चाळणीसारखा दिसू लागतो. म्हणून आम्ही रात्रीच बसतो, जिन्याखालच्या खोलीत, दाराला काळी चादर लावून.

‘आम्ही’ म्हणजे मी आणि कॉलेजातली दोन मुलं, एक मुलगा आणि एक मुलगी. दोघांनी पैसे जमवून एक जुना ‘फोर बाय फाइव्ह’ कॅमेरा घेतला आहे. भात्याचा, तिपाईवर उभा राहणारा, डोक्यावर काळं कापड घेऊन बघायचा. फोनमध्ये हजारो फोटो असणारी ही मुलं एका फोटोसाठी अर्धा तास खर्च करायला का तयार होतात, हे मी त्यांना विचारलेलं नाही. मला येतं ते त्यांना शिकवायचं, एवढंच ठरलं आहे. मी अकोल्याच्या एका स्टुडिओत हे काम शिकलो, त्याला आता चाळीस वर्षं होतील.

ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या कॅमेऱ्यात रोल नसतो. पोस्टकार्डाएवढे किंवा त्याहून मोठे, फिल्मचे सुटे तुकडे असतात. एका चपट्या होल्डरमध्ये दोन तुकडे बसतात, पुढच्या बाजूला एक आणि मागच्या बाजूला एक. प्रत्येकावर एक सरकतं झाकण असतं, त्याला डार्क स्लाइड म्हणतात. होल्डर कॅमेऱ्याच्या पाठीत बसवायचा, डार्क स्लाइड ओढून काढायची, लेन्स उघडून प्रकाश द्यायचा, स्लाइड परत घालायची. फोटो झाला. पण त्याआधी फिल्म होल्डरमध्ये भरावी लागते, आणि ती पूर्ण अंधारात. जुन्या काळी लाल रंग न ओळखणाऱ्या फिल्मा असत, तेव्हा लाल दिवा चालत असे. आताच्या बहुतेक फिल्मांना सगळेच रंग दिसतात, म्हणून कोणताच दिवा चालत नाही. रेडियमचे काटे असलेलं घड्याळसुद्धा बाहेर काढून ठेवायचं.

शिकवताना मी आधी उजेडात एक वाया गेलेली फिल्म हातात देतो. तिच्या एका कोपऱ्यात कडेला खाच असते. फिल्म उभी धरली आणि खाच वरच्या उजव्या कोपऱ्यात आली, तर रसायनाचा थर तुमच्याकडे तोंड करून आहे असं समजायचं. उजव्या हाताची तर्जनी खाचेवर ठेवायची आणि ती तिथून सोडायची नाही. होल्डरच्या खालच्या टोकाला एक पट्टी असते, ती उघडायची. दोन्ही कडांना बारीक खोबणी असते, फिल्म तिच्याखालून सरकवायची. दोन्ही बाजूंनी गेली का, हे नखाने तपासायचं. कड नखाने उचलली गेली, तर ती खोबणीच्या वर राहिली आहे. पट्टी बंद करायची, डार्क स्लाइड आत ढकलायची. हे उजेडात वीस वेळा, डोळे मिटून वीस वेळा, मग दिवा मालवून.

अंधारात पहिल्यांदा बसणारा माणूस एक गोष्ट हमखास करतो. तो डोळे फाडून बघत राहतो. मीही तेच करायचो. आमचे स्टुडिओवाले काका म्हणत, “डोये मिटून घेजो. उघडे ठेवले का मन तिकडंच जाते.” मिटले की खरोखरच बोटांना ऐकू यायला लागतं.

आणि शेवटची पायरी. डार्क स्लाइडच्या मुठीची एक बाजू पांढरी असते, दुसरी काळी. पांढरी बाजू बाहेर असेल तर आतली फिल्म कोरी. काळी बाजू बाहेर असेल तर फोटो काढून झालेला. अंधारातही कळावं म्हणून पांढऱ्या बाजूला बारीक उंचवटे असतात. आमच्या अकोल्याच्या स्टुडिओतले जुने लाकडी होल्डर काचेच्या प्लेटांसाठी केलेले होते. त्यात फिल्म बसवायला पातळ पत्र्याची चौकट वापरावी लागे. त्यांना ही रंगांची सोय नव्हती. काकांनी स्वतः प्रत्येक स्लाइडच्या एका बाजूला पांढरा ऑइलपेंट दिला होता आणि त्याच बाजूला खिळ्याने तीन टोचे मारले होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगितलेलं आठवतं, “पांढरं बाहेर, म्हंजे कोरी. कायं बाहेर, म्हंजे काम झालेली. बाकी काही चुकलं तं पाहू. हे चुकलं तं सगयंच चुकलं.”

बाकी सगळं कोणत्याही चांगल्या पुस्तकात मिळतं. मला लिहायचं आहे ते या शेवटच्या पायरीबद्दल. ती माझ्या हातून एकदा चुकली होती.

*

मी एकोणीस वर्षांचा होतो. गॅदरिंगचे, सेंड-ऑफचे, शाळा-कॉलेजांचे ग्रुप फोटो हा तेव्हा स्टुडिओचा मोठा धंदा होता, आणि त्यासाठी लाकडी हाफ-प्लेट कॅमेरा बाहेर निघे. पावणेपाच बाय साडेसहा इंचांची निगेटिव्ह. इतकी मोठी की तिच्यावर पेन्सिलीने रिटचिंग करता येई. भिंतीवर लावायचा मोठा फोटो हवा असेल तर एकट्या माणसाचा फोटोही कधीकधी त्यावर काढत.

त्या सकाळी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून एक कुटुंब आलं होतं. मुलगा, सून आणि सत्तरीच्या पुढची आजी. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. आजींचा एकही फोटो नव्हता. मुलाच्या मनात होतं की एक मोठा फोटो करून ठेवावा. कशासाठी ते कोणी बोललं नाही, पण असे फोटो कशासाठी काढून ठेवतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. काकांनी आजींना खुर्चीवर बसवलं. आम्ही लेन्सचं झाकण हाताने काढून परत लावत होतो, त्याला सेकंदभर तरी लागे. मी म्हणालो, “आजी, हलू नका.” त्या हलल्या नाहीत. झाकण परत लागेपर्यंत त्यांची पापणीही लवली नाही. हे मला स्पष्ट आठवतं, कारण मी त्यांच्याकडेच बघत होतो.

स्लाइड परत घालणं हे माझं काम. तेवढ्यात बाहेरून कोणीतरी हाक मारली. मी स्लाइड घातली, पण उलटवली नाही. पांढरी बाजू बाहेरच राहिली.

दुपारी आम्ही एका कॉलेजात ग्रुप फोटोला गेलो. ग्रुपचे नेहमी दोन फोटो घेत, एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून. दुसऱ्या फोटोसाठी मी पिशवीत हात घातला आणि हा होल्डर हाती आला. पांढरी बाजू बाहेर. आणि मला शंका आली. हा तर सकाळी टेबलावर वेगळा पडला होता ना? क्षणभरच आली. समोर चार रांगांत पोट्टे उभे होते, प्राचार्य घाम पुसत होते, काका हात पुढे करून थांबले होते. “काका, मला खात्री नाही,” असं म्हटलं असतं तर सगळ्यांसमोर बोलणी बसली असती. मी होल्डर दिला.

त्या रात्री डार्करूममध्ये मी एकटा होतो. फिल्म हायपोतून काढून दिव्यासमोर धरली. चार रांगांतली मुलं होती, आणि त्यांच्या आरपार, त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा, एक चेहरा होता. निगेटिव्हमध्ये पांढऱ्याचं काळं होतं. तो काळा पदर, काळे केस, आणि त्यातून वर येणारी चाळीस पोरांची डोकी. ग्रुपचा पहिला फोटो उत्तम आला होता, त्यामुळे कॉलेजाचं काहीच बिघडलं नाही. आजींचा मात्र एकच फोटो काढला होता.

मी ती निगेटिव्ह मोडून टाकून दिली. सकाळी काकांना सांगितलं, “आजी हलल्या. फोटो खराब झाला, मी फेकून दिला.”

काकांनी विश्वास ठेवला. म्हातारी माणसं हलतात, त्यात नवल नाही. मुलगा आला तेव्हा काकांनी त्याला तेच सांगितलं, पैसे परत केले आणि आईला पुन्हा घेऊन यायला सांगितलं, फुकट काढून देतो म्हणाले. पण कापसाची वेचणी सुरू झाली होती. वेचणी आटोपली की येतो, असं तो म्हणाला. त्या थंडीत आजी गेल्या.

तेराव्याच्या आधी मुलगा पुन्हा स्टुडिओत आला. कुणाच्या तरी लग्नातला एक फोटो होता, घोळक्यात मागे आजींचा चेहरा, नखाएवढा. तो मोठा करून हवा होता. ते काम मीच केलं. नखाएवढा चेहरा भिंतीएवढा केला की त्यात माणूस उरत नाही, ठिपके उरतात. तो घेताना मुलगा हसून म्हणाला, “आमची माय जल्मभर एका जाग्यावर बसली नाई. फोटोतही हालली.”

*

आता विचार करतो तेव्हा मला यात एक नाही, तीन गोष्टी दिसतात. आणि त्या वेगवेगळ्या तोलाव्या लागतात.

पहिली, हातून झालेली चूक. हाक आली, लक्ष गेलं, स्लाइड उलटवायची राहिली. असं कुणाचंही होतं. माझंच त्याआधीही झालं होतं. पण तेव्हा तो होल्डर पुन्हा कॅमेऱ्यात जाण्याआधी लक्षात आलं, किंवा आत मुळात महत्त्वाचा फोटो नव्हता. चूक तीच, हात तोच, निष्काळजीपणाही तेवढाच. एकदा काहीच झालं नाही, आणि एकदा एका घरातून एका बाईचा चेहरा कायमचा गेला. मग माझा दोष कमी-जास्त झाला का?

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी नेमक्या याच प्रश्नावर निबंध लिहिले. जे आपल्या हातात नसतं, त्यावर आपला दोष कसा काय ठरतो, असा तो प्रश्न. विल्यम्सने एका ट्रकचालकाचं उदाहरण दिलं आहे. त्याची काही चूक नसताना एक मूल त्याच्या ट्रकखाली येतं. सगळे त्याची समजूत घालतात, ‘तुझा दोष नाही’ म्हणतात, आणि ते खरंही असतं. पण तो चालक जर ती समजूत लगेच पटवून घेऊन निर्धास्त झाला, तर आपल्यालाच त्याच्याविषयी काहीतरी खटकेल. दोष नसतानाही ‘हे माझ्या हातून झालं’ असं वाटणं, हे माणूस असण्याचा भाग आहे. मला हे पटतं. त्या हुकलेल्या स्लाइडबद्दल मी स्वतःला गुन्हेगार मानत नाही. पण ती माझ्या हातून हुकली, दुसऱ्या कुणाच्या नाही, हेही विसरत नाही.

दुसरी गोष्ट, ती क्षणभराची शंका. इथे नशिबाचा काही संबंध नाही.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये, दुसऱ्या भागात, गायजेसच्या अंगठीची गोष्ट आहे. एका धनगराला एक अंगठी सापडते. तिचा खडा आत वळवला की तो अदृश्य होतो. मग तो राजवाड्यात शिरतो, राजाला मारतो, राज्य बळकावतो. प्रश्न असा की कुणालाच दिसणार नसेल, तर माणूस नीतीने का वागेल? अंधाऱ्या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या बोटात ही अंगठी असते, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, तुलना थोडी चुकते. गायजेस इतरांना दिसत नव्हता, पण त्याला स्वतःला सगळं दिसत होतं. फिल्म भरणाऱ्याला स्वतःलाही आपण काय करतोय ते दिसत नाही. त्याची परीक्षा वेगळी असते. मोह टाळण्याइतकीच, ‘मला माहीत नाही’ हे वेळेवर कबूल करण्याची.

बहुतेक खोटेपणा माहीत असलेलं लपवण्यातून होतो असं आपण मानतो. माझा अनुभव असा की माहीत नसलेलं लपवण्यातूनही तो तितकाच होतो. होल्डर काकांच्या हातात देताना मी एक शब्दही खोटा बोललो नव्हतो. मी फक्त माझी शंका गिळली होती. पण देणाऱ्याला शंका आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं, तेव्हा देणं हेच एक विधान असतं. ‘ही कोरी आहे, मी बघितलं आहे.’

आपल्याकडच्या न्यायदर्शनात ज्ञानाच्या साधनांमध्ये ‘शब्द’ धरला आहे. स्वतः पाहिलं नाही, तर्कानेही काढलं नाही, पण विश्वासू माणसाने सांगितलं म्हणून कळलं, तेही ज्ञान. अट एकच, सांगणारा ‘आप्त’ हवा. त्याला गोष्ट स्वतःला नीट माहीत हवी आणि ती जशी आहे तशीच सांगायची इच्छा हवी. भाष्यकार वात्स्यायन तर म्हणतो की तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ असो, हे लक्षण सगळ्यांना सारखंच लागू आहे. त्यासाठी मोठा माणूस असावं लागत नाही. खिळ्याने टोचे मारलेली, पांढरा ऑइलपेंट दिलेली एक पट्टीही त्या अर्थाने आप्ताचा शब्द असते. तिच्यामागे कुणीतरी उभं असतं.

आणि असे शब्द आपण किती घेत असतो! आमच्या अमरावती जिल्ह्यातले माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली. चौतिसाव्या वर्षी ते गेले, तोवर त्यांच्या नावावर शंभराहून जास्त ग्रंथ झाले होते. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात, आणि त्यांच्या बुद्धीबद्दल भक्तिभावाने बोलतात. मला मात्र त्यांचं नाव निघालं की त्यांच्याजवळ बसलेली माणसं आठवतात. कुणीतरी पोथी वाचून दाखवत असेल, कुणीतरी त्यांचं बोलणं उतरवून घेत असेल. वाचणाऱ्याने एक ओळ गाळली तर? लिहिणाऱ्याने न कळलेला शब्द तसाच दडपून दिला तर? त्यांना ते दिसणार नव्हतं. त्या अनाम माणसांनी न समजलेल्या ठिकाणी थांबून ‘महाराज, हे कळलं नाही’ म्हटलं असेल, तेव्हाच ते ग्रंथ उभे राहिले असतील.

दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणि फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र घेऊन आले. कच्च्या फिल्मला तेव्हा कडेची छिद्रं नसत, ती अंधारात पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई फाळके करत. घरच्या माणसांचा आणि कामगारांचा स्वयंपाक सांभाळून, अंधाऱ्या खोलीत बसून. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. शब्द खोटा होऊ नये म्हणून राज्य आणि घरदार गमावणाऱ्या राजाची ती गोष्ट. पडद्यावरची सत्यनिष्ठा सगळ्यांनी पाहिली. ती थरथरत, अडखळत दिसली नाही याला अंधारातली छिद्रंही कारण होती, पण नीट पडलेलं छिद्र कुणाच्या नजरेत येत नाही. या प्रकारच्या कामाचं हेच आहे. चुकलं तरच ते दिसतं. म्हणून ते करणाऱ्याला दाद मिळत नाही, आणि चूक लपवण्याचा मोहही त्यालाच सगळ्यात जास्त होतो.

*

तिसरी गोष्ट, ते खोटं. ‘आजी हलल्या.’

हे वाक्य मी निवडलं, कारण ते सोपं होतं, पटण्यासारखं होतं आणि त्यात कुणाचं नुकसान दिसत नव्हतं. फिल्म खराब होती म्हटलं असतं तर काकांनी डबा तपासला असता. केमिकल बिघडलं म्हटलं असतं तर ते माझ्यावरच आलं असतं. खुर्चीवर बसलेली म्हातारी माझ्या तोंडचं खोडायला येणार नव्हती. खोटं बोलणारा माणूस दोष नेहमी अशा ठिकाणी ठेवतो जिथून उत्तर येणार नाही.

आणि मग ते वाक्य माझं राहिलंच नाही. घरच्यांनी ते प्रेमाने उचललं. आजींच्या स्वभावाची ती एक गोष्ट झाली. शेतात-घरात सतत फिरणारी, फोटोसाठीसुद्धा न थांबलेली माय. नातवंडांना ती सांगितली गेली असणार. फोटो नव्हता, त्याच्या जागी ही आठवण होती, आणि ती मी पुरवली होती. माझ्याकडून एका बाईचा चेहरा गेला तो गेलाच, वर तिच्याबद्दल एक खोटी गोष्टही तिच्या घरात ठेवली गेली.

यापुढचा प्रश्न मला बरीच वर्षं सोडवता आला नाही. खरं सांगावं का? सांगून फोटो येणार नव्हता. काका केव्हाच गेले होते. घरच्यांकडे एक हसरी आठवण होती, ती मी काढून घेणार, आणि बदल्यात काय देणार? माझी कबुली. तिचा उपयोग मला, त्यांना काय? ‘आता कशाला उकरायचं’ हे आपल्याकडे शहाणपण मानतात आणि पुष्कळदा ते असतंही.

पण एक गोष्ट त्यात बसत नव्हती. त्या दिवशी त्या खोलीत प्रत्येकाने आपलं काम केलं होतं. काकांनी उजेड बरोबर मोजला होता. मुलाने कामाच्या दिवसांत वेळ काढला होता. आणि आजींनी त्यांच्या वाट्याचं एकमेव काम, न हलता बसणं, चोख केलं होतं. काम न केलेला एकटा मी होतो आणि ठपका मात्र त्यांच्यावर होता. आठवण कितीही गोड असली तरी ती एका माणसाच्या चोख कामाला नाकारून उभी होती. हे मेलेल्या माणसाचं देणं असतं का? मला वाटतं, असतं. मेलेल्याला सुखदुःख नसेल, पण त्याच्याविषयी काय खरं आणि काय खोटं, ते त्याच्याबरोबर मरत नाही.

तीन वर्षांपूर्वी मला कळलं की ते कुटुंब आता अमरावतीतच राहतं. मुलगा वारला होता. सून होती, आता तीच सत्तरीच्या पुढे. मी गेलो. तिला मी आठवत नव्हतो, स्टुडिओ आठवत होता. चहा झाला. मग मी सगळं सांगितलं. होल्डर, पांढरी बाजू, कॉलेजातले पोट्टे, निगेटिव्ह. दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं, ती मीच मोडून टाकली होती. तिच्यापुढे फक्त माझा शब्द होता, आणि याच माणसाने एकदा तिच्या घराला खोटा शब्द दिला होता. तिने का विश्वास ठेवावा?

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “भाऊ, इतक्या वर्सांनी हे काहून सांगून राह्यले तुमी? तुमचं मन हलकं झालं. आता मी याचं काय करू?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी “चुकलो, वहिनी” म्हटलं. तेही पुरेसं नाही हे कळत होतं. मी उठायला लागलो तेव्हा तिने विचारलं, “पन बसल्या होत्या ना त्या नीट?”

“एकदम नीट. पापणीही लवली नाही.”

“मले पटलंच नव्हतं कधी,” ती म्हणाली. “हे सारे हासत, आमचे मालकही हासत. पन आत्याबाई पोथीले बसल्या का दोन-दोन घंटे मांडी मोडत नव्हत्या. फोटोत कशा हालतीन? मी एकदा म्हनलं होतं तसं. कोनी आयकलं नाई.”

म्हणजे त्या घरात एक आप्त होती. तिला जे माहीत होतं ते तिने सांगितलंही होतं. माझ्या खोट्यापुढे ते चाललं नाही. माझ्या वाक्याने एका नाही, दोन बायकांना खोटं पाडलं होतं, हे मला त्या दिवशी समजलं. मी तिथे गेलो ते बरोबर केलं की नाही, याचा हिशेब मी अजून पूर्ण केलेला नाही. ‘तुमचं मन हलकं झालं’ हा तिचा आरोप खरा आहे. पण तिचंही काहीतरी तिला परत मिळालं असावं, एवढं मला तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. ते वाटणं माझ्या सोयीचं आहे, म्हणून त्यावर मी फार भार टाकत नाही.

*

हे सगळं मी मुलांना सांगितलेलं नाही. त्यांना मी फक्त नियम सांगतो. एक, स्लाइड घालताना तोंडाने मोठ्याने म्हणायचं, ‘पांढरी बाहेर’ किंवा ‘काळी बाहेर’. हात विसरतो ते कानाला आठवतं. दोन, होल्डरविषयी शंका आली तर तो कॅमेऱ्यात जाणार नाही. त्यावर कागदी चिकटपट्टी लावायची, आणि ती फिल्म डेव्हलप करायची. आत फोटो निघाला तर तो वाचला. कोरी निघाली तर एक फिल्म वाया गेली. फिल्म आता महाग झाली आहे, बाहेरून मागवावी लागते, आणि मुलांना ते लागतं. मुलगा एकदा म्हणाला, “काका, दहापैकी नऊ वेळा ती कोरीच असणार ना?” मी म्हटलं, “हो, असेल.” नऊ फिल्म वाया घालवणं कुणालाच परवडत नाही हे मला मान्य आहे. दहावीत कोण बसलेलं असेल हे आधी कळत नाही, एवढंच.

परवा रात्री आम्ही बसलो होतो. दिवा बंद, बाहेर कूलरची घरघर. मुलगा आपले होल्डर भरून मोकळा झाला होता. मुलीच्या बाजूने खोबणीत फिल्म सरकल्याचा आवाज आला, मग पट्टी बंद झाल्याचा, मग स्लाइड सरकल्याचा. ‘पांढरी बाहेर’ ऐकू येण्याची मी वाट पाहत होतो. ते आलं नाही. ती थांबली होती. शेजारी दोन होल्डर होते, एक सकाळचा, एक आत्ताचा, आणि अंधारात त्यांची सरमिसळ झाली असावी.

“काका,” ती म्हणाली, “मला खात्री नाही.”

मी चाचपत चिकटपट्टीचं रीळ तिच्या हातात दिलं.